एक्सचेंज सेमिस्टर संपत आलंय? कोल्हापूरच्या मुलामुलींचे आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

जानेवारी उजाडला की आणि पुन्हा जून सरत आला की माझ्या फोनवर एकाच धर्तीचे मेसेज यायला लागतात. पाठवणारी मुलं आपलीच. कुणी राजारामपुरीतलं, कुणी कागल-इचलकरंजीकडचं. सध्याचा मुक्काम जर्मनीत, एका सेमिस्टरच्या एक्सचेंजवर. जाताना काय न्यायचं हे सांगणारे छप्पन्न जण भेटतात, पण येताना काय काय मिटवून यायचं हे कुणी सांगत नाही. मी स्वतः असं एक सेमिस्टर करून आले आणि आता कॉलेजातल्या पुढच्या बॅचेसना मदत करते. म्हणून तीच ती उत्तरं इथे एकदा लिहून ठेवते. माहिती जर्मनीची आहे. दुसऱ्या देशात असाल तर नियम बदलतील, पण कामं साधारण हीच असतील.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण खालची बहुतेक उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. ज्या कागदावर तिथला सही-शिक्का लागतो, तो कागद तिथे असतानाच हातात घ्या. समोर उभं राहिलं की दहा मिनिटांत होणारं काम कोल्हापुरात बसून ईमेलवर करायला गेलात तर महिने खातं.

तिकडची परीक्षा फेब्रुवारीत आणि आपलं पुढचं सेमिस्टर त्याआधीच सुरू. मग करायचं काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक जण तो फार उशिरा विचारतात.

जर्मन विद्यापीठांत हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असं चालतं. फाखहोखशूल म्हणतात त्या प्रत्यक्ष कामावर भर देणाऱ्या संस्थांत हे सगळं एक महिना अलीकडे असतं. वर्ग फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि लेखी परीक्षा त्याच्या आसपास सुरू होतात. आपल्याकडे मात्र डिसेंबर-जानेवारीतच पुढचं सेमिस्टर सुरू झालेलं असतं. म्हणजे तुम्ही तिकडे पेपर लिहीत असताना इकडे तुमची हजेरी बुडतेय, पहिली अंतर्गत चाचणीही होऊन जातेय.

यावर तोडगा एकच: विभागप्रमुखांकडून लेखी परवानगी. 'सर म्हणाले होते चालेल' हे लेखी नव्हे. सर बदलतात, बढतीवर जातात, कधी विसरतातही. परीक्षांच्या तारखा कळल्या की त्या जोडून अर्ज करा, परवानगीच्या पत्रावर आवक-जावक क्रमांक घ्या आणि स्कॅन करून ठेवा. बुडालेल्या चाचण्या नंतर घेणार की नाही, हेही त्याच पत्रात लिहून घ्या.

दुसऱ्या बाजूने तिकडच्या प्राध्यापकांनाही विचारून बघा. एक्सचेंजच्या मुलांची तोंडी परीक्षा काही जण आधी घेतात. तो तुमचा हक्क नाही, त्यांची मर्जी आहे, त्यामुळे डिसेंबरातच आणि नम्रपणे विचारा. आणि विमानाचं तिकीट तारखा जाहीर झाल्याशिवाय काढू नका. स्वस्त तिकिटाच्या मोहात पेपरच्या आदल्या दिवशीचं विमान बुक केलेली मुलं दर वर्षी सापडतात.

परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते का? कोर्सला तर नाव आहेच.

लागते, आणि इथेच आपली मुलं फसतात. आपल्याकडे फॉर्म भरायची आठवण करायला नोटीस लागते, क्लासचा ग्रुप असतो, शिपाईकाकासुद्धा ओरडतात. तिथे पोर्टलवर एक तारीख असते, बस. ती हुकली तर सगळे वर्ग केलेले असूनही पेपरला बसता येत नाही. तयारी झाली नसेल तर नाव मागे घ्यायचीही तारीख असते. दोन्ही तारखा आजच बघून ठेवा.

एखादा विषय राहिला तर एटीकेटी लागेल का?

ते तुमच्या कॉलेजने जाण्याआधी काय मान्य केलंय त्यावर आहे. लर्निंग ॲग्रीमेंट, म्हणजे तिकडे कुठले विषय घेणार याचा सह्यांचा करार, काढून बघा, आणि मध्येच विषय बदलला असेल तर त्या बदलावर तिन्ही सह्या आहेत ना, तेही बघा: तुमची, तिकडची आणि इकडची. सही नसलेला विषय उत्तम मार्कांनी पास झालात तरी इथे धरतीलच असं नाही.

ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) कधी मिळतं? आणि कॉलेजला नेमकं काय द्यायचं?

निकाल परीक्षेनंतर चार-सहा आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा लागतो. तोवर तुम्ही कोल्हापुरात असता. म्हणून निघण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन ठरवून या: ट्रान्सक्रिप्ट कोण पाठवणार, कुठल्या पत्त्यावर, छापील की फक्त पीडीएफ. आजकाल बरीच विद्यापीठं पडताळणीचा कोड असलेलं पीडीएफ देतात आणि तिथे ते पुरतं. आपल्याकडे शाईचा गोल शिक्का दिसल्याशिवाय फाईल हलत नाही. छापील, सही-शिक्क्याची एक प्रत मागितली तर देतात, फक्त मागावी लागते.

आता मार्कांचं. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. हे आपल्या परीक्षा विभागात ठाऊक असेलच असं नाही. माझं ट्रान्सक्रिप्ट बघून तिथल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे आणि मग कागदाकडे बघितलं आणि विचारलं, "१.३? दहापैकी? आणि एवढं लांब जाऊन?" मागे रांगेत उभी असलेली पोरं हसायला लागली. मी ग्रेडिंगच्या पद्धतीचं पान सोबत जोडलं होतं म्हणून दोन मिनिटांत निभावलं. ते पान तुम्हीही मागून घ्या. बहुतेक ट्रान्सक्रिप्टच्या मागे असतंच, नसेल तर वेगळं घ्या.

क्रेडिटचाही घोळ असतो. युरोपात एका सेमिस्टरचे ३० ईसीटीएस (तिकडचे क्रेडिट) धरतात आणि एका ईसीटीएसमागे २५ ते ३० तासांचं एकूण काम मोजतात. त्यात वर्ग, घरचा अभ्यास, प्रोजेक्ट, सगळं आलं. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे साधारण पंधरा तास वर्गातले, आणि सेमिस्टरला वीस-बावीस क्रेडिट. त्यामुळे ६ ईसीटीएसचा विषय इथे ६ क्रेडिटचा होत नाही. यावरून काउंटरवर भांडू नका, हे गणित तुमचं विद्यापीठ ठरवतं. तुम्ही प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम तासांसकट छापून जोडा. पोर्टलवरचं तुमचं लॉगिन बंद झालं की तो मिळवताना दमछाक होते, म्हणून आत्ताच डाउनलोड करा.

याशिवाय एक कागद लागतो: तुम्ही अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इथे होता, असं प्रमाणपत्र. शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता अनेकदा याच कागदावर अडतो. त्यावरची शेवटची तारीख निघायच्या दिवसाच्या जवळची हवी. महिनाभर आधीच सही घेतलीत तर तेवढ्या दिवसांचे पैसे कापले जाऊ शकतात.

तपासलेला पेपर बघायला मिळतो का?

मिळतो. त्याला आइनझिख्त म्हणतात. ठरलेल्या दिवशी जाऊन आपला पेपर समोर बसून बघता येतो आणि शंका विचारता येते. पण तो दिवस बहुधा तुम्ही निघून गेल्यावर येतो. काठावरचा पेपर असेल तर प्राध्यापकांना आधी ईमेल करून बघा.

खोली सोडताना डिपॉझिट पूर्ण परत मिळेल ना?

मिळेल, पण खोली तशीच्या तशी परत द्यायची या बोलीवर. काउत्सिओन, म्हणजे डिपॉझिट, कायद्याने मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. परत कधी द्यायचं याचे मात्र ठरीव दिवस नाहीत. हिशेब होईपर्यंत घरमालक काही महिने ते ठेवू शकतो. त्यामुळे त्या पैशावर परतीचा कुठलाही खर्च टाकू नका.

बहुतेक जण विद्यार्थी-सेवा संस्थेच्या, म्हणजे श्टुडिरेंडनवेर्कच्या हॉस्टेलात असतात. कोल्हापूरकरांना हॉस्टेल हा प्रकार नवा नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, मग एकामागून एक वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं उभी राहिली आणि या गावाला वसतिगृहांची जननी म्हणायला लागले. पण बोर्डिंग सोडताना आपण ट्रंक उचलतो, रेक्टरांच्या पाया पडतो आणि निघतो. तिथे हातात कागद घेऊन माणूस येतो, नळाची तोटी, ओव्हनची जाळी, खिडकीची फट बघतो आणि एकेक नोंद करतो.

हा माणूस सगळ्यात आधी स्वयंपाकाची जागा बघतो. आपली फोडणी तिथल्या भिंतींना सोसत नाही. शेगडीमागे हळदीचा आणि तेलाचा पिवळा थर बसतो, तो रोज बघून आपल्याला दिसेनासा होतो, त्याला मात्र दारातूनच दिसतो. कांदा-लसूण मसाला परतून परतून वरच्या एक्झॉस्टची जाळी चिकट झालेली असते. ती गरम पाण्यात सोडा घालून रात्रभर बुडवून ठेवा. पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग नळावर आणि बाथरूमच्या काचेवर असतात, त्याला व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड. फ्रिजचा बर्फ दोन दिवस आधी वितळवा. हे सगळं शेवटच्या रात्री बॅगा भरता भरता होत नाही.

ताब्यात घेताना केलेला फोटोंसकटचा कागद शोधून ठेवा. टेबलावरचा ओरखडा तुमच्या आधीचा होता, हे त्यावरूनच सिद्ध होतं. चावी दिल्यावर दोघांच्या सहीची प्रत घेतल्याशिवाय निघू नका. आमच्यातल्या एकीला चावी पेटीत टाकून जा म्हणून सांगितलं आणि दोन महिन्यांनी भिंतीच्या रंगाचे पैसे कापले. हातात कागद नव्हता, त्यामुळे भांडायला जागाच उरली नाही.

अबमेल्डुंग म्हणजे काय? नाही केलं तर?

आल्यावर गावच्या कार्यालयात पत्ता नोंदवला होता ना, तो रद्द करायचा. घर सोडायच्या एक आठवडा आधीपासून ते सोडल्यावर दोन आठवड्यांपर्यंत करता येतं. कित्येक गावांत ईमेलने किंवा पोस्टाने चालतं. त्याचं जे प्रमाणपत्र मिळतं ते दाखवून इन्शुरन्स, रेडिओची फी, मोबाईल, सगळं बंद करता येतं. ते जपून ठेवा, स्कॅन करा, आईलाही पाठवा.

रेडिओ-टीव्हीची फी मागणारं पत्र आलंय. पोराकडे टीव्हीच नाही. ही फसवणूक तर नाही ना?

(हा प्रश्न नेहमी वडिलांकडून येतो.) फसवणूक नाही, काका. घरात टीव्ही असो नसो, दर घरामागे महिना १८.३६ युरो भरावे लागतात. चार जण एका फ्लॅटमध्ये राहत असतील तर चौघांत मिळून एकच. देश सोडून जाताना ते आपोआप बंद होत नाही, कळवावं लागतं, सोबत वरचं प्रमाणपत्र जोडून. पत्रं फाडून टाकली तर थकबाकी वाढत जाते आणि पुढे मास्टर्सला गेल्यावर तीच समोर येऊन उभी राहते.

बँकेचं खातं कधी बंद करायचं? ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे उरलेत.

साधं खातं लगेच बंद करू नका. डिपॉझिट, इन्शुरन्सचा किंवा विजेचा परतावा, हे सगळं युरोपातल्या खात्यात सहज येतं. ते आलं की मग बंद करा. विद्यार्थी म्हणून मिळालेली मोफत सेवा संपली की महिन्याची फी लागू शकते, तेवढं विचारून घ्या.

ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या आणि महिन्याला ठरावीक रक्कमच देणाऱ्या खात्याचा, सध्याचा हिशेब महिना ९९२ युरो, वर्षाचे ११,९०४. हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा. मुदतीआधी ते बंद करून उरलेली रक्कम काढायची तर परदेशी नागरिक कार्यालयाचं किंवा जर्मन वकिलातीचं संमतीपत्र लागतं. गावातल्या कार्यालयाकडून ते घेऊन आलात तर काम तिथेच संपलं. नाही घेतलंत तर मुंबईच्या वकिलातीचे खेटे.

सिमकार्ड, जिम, रेल्वेचं तिकीट?

प्रीपेड सिम असेल तर काहीच नाही. करार असेल तर लेखी रद्द करा आणि उत्तर येईपर्यंत सोडू नका. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या-बसचा मासिक पास, स्वतः काढलं असेल तर ज्या महिन्याअखेर बंद हवं त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. २०२६ मध्ये ते महिना ६३ युरो झालंय. सेमिस्टर फीमधून मिळालेलं असेल तर ते सेमिस्टरबरोबरच संपतं.

इन्शुरन्स?

नाव कमी करा, लेखी. आणि कमी करण्याआधी दात दाखवून घ्या. सेमिस्टरभर दाढ दुखत असताना लवंग धरून बसणारी मुलं आपल्याकडे कमी नाहीत.

परीक्षा संपल्यावर राहण्याच्या परमिटची तारीख उलटली तरी थोडे दिवस युरोप फिरलं तर चालतं का?

नाही. परमिट किंवा व्हिसा ज्या दिवशी संपतो त्या दिवसापर्यंत शेंगेनबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, पडायचं. 'नव्वद दिवस मिळतात' असं जे कानावर येतं, ते बिनव्हिसा येऊ शकणाऱ्या देशांच्या नागरिकांपुरतं. आपल्याला फिरायला वेगळा व्हिसा लागतो. चार दिवसांच्या सहलीपायी पुढच्या व्हिसावर डाग पाडून घेऊ नका.

तारीख शिल्लक आहे. शेवटच्या आठवड्यात एकच ठिकाण बघायचं तर कुठलं?

पॅरिस सगळेच सांगतील. मी फ्लोरेन्स सांगते, आणि चित्रांसाठी नाही. तिथे कोल्हापूरचे एक छत्रपती आहेत.

राजाराम महाराज, ज्यांच्या नावाने आपलं राजाराम कॉलेज आहे, १८७० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले. वय वीस. इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाला भेटले, बरंच बघितलं आणि परतीच्या वाटेवर फ्लोरेन्समध्ये आजारी पडले. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. ३० नोव्हेंबर १८७० ला तिथेच त्यांचं निधन झालं. दहन हा प्रकार त्या शहराला नवा होता, तरी परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये त्या जागी स्मारक उभं राहिलं: चार खांबांची छत्री आणि आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. आपला नवा राजवाडा आणि टाउन हॉल ज्यांचा, तेच मँट.

कशिने नावाच्या लांबलचक बागेच्या पार पश्चिम टोकाला ही जागा आहे. ट्रामने बागेपर्यंत जायचं आणि पुढे नदीकाठाने चालत राहायचं. पर्यटकांची गर्दी मागे पडते, मग पळणारी, कुत्री फिरवणारी स्थानिक माणसं उरतात. शेजारून मोठा पूल जातो, १९७८ मध्ये सुरू झालेला. त्या पुलाचं नावसुद्धा या छत्रीवरून पडलं, पोंते आल्लिंदियानो, म्हणजे भारतीयाचा पूल. रोज त्यावरून हजारो गाड्या जातात, आणि त्यांतल्या कितीजणांना हा भारतीय कोण, कुठल्या गावचा, हे ठाऊक असेल, देव जाणे. मी तिथे मोठ्याने 'शाहूपुरी' म्हटलं तर एक आजोबा वळून बघायला लागले.

वीस वर्षांचा कोल्हापूरचा मुलगा, युरोपात शिकायला-बघायला गेलेला, घरी पोचायच्या आत गेला. आपण इंटरनेटवर तिकिटं स्वस्त नाहीत म्हणून कुरकुरतो. जर्मनीहून जायचं तर म्युनिकवरून आल्प्स ओलांडून रेल्वेने जा, एक रात्र राहा. फुलं घेऊन जा.

सामान वजनात बसत नाही. काय टाकू?

जाताना नेलेला कुकर आणू नका, पुढच्या बॅचला द्या. शिट्टी आणि रिंग सुस्थितीत असेल तर कुकरसारखी भेट नाही. उरलेला मसाला, चटणी, पापड मजल्यावर वाटून टाका. तिखट खाऊ शकत नाही म्हणणारे शेजारी निघायच्या दिवशी डबा घेऊन दारात येतात, हा अनुभव आहे. जाड कोट आणायचाच असेल तर अंगावर घालून विमानात बसा. पुस्तकांपैकी फक्त स्वतःच्या वह्या आणा. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या आणि पेयांचे कॅन फेकू नका, एकेकाचे बहुधा २५ सेंट परत मिळतात. शेवटच्या आठवड्यात कॉरिडॉरभर गोळा केलेत तर विमानतळापर्यंतच्या खाण्याची सोय होते. लॅपटॉप एक असेल तर अठरा वर्षांवरील प्रवाशाला त्यावर कस्टम्स ड्युटी नाही, उगीच घाबरू नका.

आणि हो, घरच्यांनी चॉकलेटांची यादी पाठवली असेल तर ती निम्मी करा. भाऊजींच्या ऑफिसातल्या सगळ्यांना पुरेल एवढं चॉकलेट कुठल्याच बॅगेत मावत नाही.

आमची मुलगी शेवटच्या महिन्यात फोनच उचलत नाही. काही लपवतेय का?

काकू, परीक्षा, खोलीची साफसफाई, कार्यालयांचे फेरे आणि निरोपाचे डबे, हे सगळं एकाच महिन्यात येतं. त्यात वेळेचा फरक. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. ती रात्री साडेआठला मोकळी होते तेव्हा तुमच्याकडे एक वाजलेला असतो. रोज फोनचा हट्ट सोडून आठवड्यातले दोन दिवस ठरवा आणि रविवार सकाळ त्यात धरा. तिथे रविवारी दुकानं बंद असतात, पोरं घरीच असतात.

आणि फोनवर 'लग्नाचं बघायला सुरुवात केलीय' हे तिकीट काढायच्या आठवड्यात सांगू नका. तिकीट पुढे ढकललं जातं.

परत यावंसंच वाटत नाहीये. थांबता येईल का?

एक्सचेंज वाढवून मिळणं कठीण. दोन्ही विद्यापीठांची संमती आणि परमिट, दोन्ही लागतं, आणि अर्ज फार आधी करावा लागतो. खरं विचाराल तर मी वाढवण्याच्या बाजूची नाही. निम्मी मुलं अभ्यासासाठी नाही, निरोप घ्यायचा टाळण्यासाठी थांबायला बघतात. पदवी पूर्ण करा आणि मास्टर्सला हक्काने जा. त्यासाठी आत्ता दोन कामं करता येतात. ज्या प्राध्यापकांना तुमचं नाव लक्षात आहे त्यांच्याकडून शिफारसपत्र मागा. वर्षभराने त्यांना नाव आठवणार नाही. आणि एपीएस प्रमाणपत्राची, म्हणजे तुमचे शिक्षणाचे कागद खरे असल्याच्या दाखल्याची, माहिती काढा. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते लागतं, एक्सचेंजवाल्यांना त्यात सूट असल्याने तुम्हाला ते कदाचित माहीतच नसेल.

मुंबईहून कोल्हापूरला कसं यावं?

दोन मोठ्या बॅगा असतील तर सीएसएमटीहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस. झोपलात की सकाळी कोल्हापूर. विमान दुपारी उतरलं तर रात्रीची गाडी निवांत मिळते. पहाटे उतरलं तर दिवसभर बॅगा सांभाळत बसण्यापेक्षा बसने या आणि कावळा नाक्यावर कुणालातरी गाडी घेऊन बोलवा. दोस्तमंडळी फेटे घेऊन येणार असतील तर आधीच विचारा, आणि घरचा पत्ता सोडून दुसरीकडे मिरवणूक नेऊ देऊ नका.

आल्या आल्या तांबडा-पांढरा खाल्ला तर चालेल का?

पहिल्या दिवशी पांढरा. तांबडा तिसऱ्या दिवशी. सेमिस्टरभर ब्रेड, पास्ता आणि चीजवर काढलेलं पोट आहे, त्याला एकदम झणझणीत लावू नका. मिसळीचा कट तर आठवडाभर लांबच ठेवा. हे कुणी ऐकत नाही, तरी लिहून ठेवते.

सगळे म्हणतात, 'लई बदललास.' काय उत्तर देऊ?

काही देऊ नका. तुम्ही झेब्रा क्रॉसिंगवर थांबता, दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसता आणि कचरा चार डब्यांत वेगळा करता म्हणून ते तसं म्हणतात. व्हीनस कॉर्नरला दोन दिवस रस्ता ओलांडलात की पहिलं आपोआप जातं. उरलेली दोन टिकली तर बरंच आहे.

कंटाळा मात्र येतो, तो खरा. तिथे स्वतः शिजवून, स्वतः तिकीट काढून, स्वतः निर्णय घेऊन राहिलेलं माणूस घरात पुन्हा 'कुठे चाललीस, कधी येशील' ऐकतं. पहिल्याच आठवड्यात त्यावरून भांडण काढू नका. घरच्यांनीही सहा महिने तुमच्याशिवाय एक घडी बसवलेली असते, तुमच्या खोलीत धान्याची पोती आलेली असतात. पोती कुठे ठेवायची हे आधी ठरवा, स्वातंत्र्याचं नंतर बोला.

कॉलेजात पहिल्यांदा कधी जाऊ? थोडं आराम करून?

दुसऱ्याच दिवशी. जेट लॅगमुळे तशीही पहिल्या दिवशी उशिरापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी डोळा उघडत नाही, तरी जा. रुजू झाल्याचा अर्ज द्या, राहिल्याचं प्रमाणपत्र आणि लर्निंग ॲग्रीमेंटच्या प्रती जोडा, पोच घ्या. ट्रान्सक्रिप्ट यायचं असेल तर 'निकाल प्रतीक्षेत' असं लिहून त्यावरही पोच घ्या. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (क्रेडिट जमा ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन नोंदीचा) आयडी नसेल तर तो काढून ठेवा. मूळ कागद कुणालाच देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. आणि परीक्षा विभागात दीडच्या आत पोचा, जेवणाची सुट्टी झाली की खिडकी कधी उघडेल ते तिथल्या काकांनाही सांगता येत नाही.